जुन्या पेट्रोल गाडीचा पिकअप पडलाय, मिसिंग होतंय: तपासणी कुठून सुरू करायची

ही माहिती दहा ते वीस वर्षं वापरलेल्या, इंजेक्शनवाल्या पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. अल्टो असो, वॅगन आर असो, सँट्रो असो की जुनी सिटी, तपासण्याचा क्रम तोच. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून न पेटणं. डिझेलचं गणित वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

लक्षणं

पिकअप एका दिवसात गेला तर कुणालाही कळतं. वर्षभरात थोडा थोडा गेला तर कळत नाही, कारण पायाला रोज किंचित जास्त दाबायची सवय लागत जाते. म्हणून आधी या खुणा बघा:

- पुण्याजवळच्या कात्रजच्या जुन्या घाटात किंवा दिवे घाटात जिथे तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतो.
- सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरते, मधूनच एक धक्का बसतो.
- सायलेन्सरला हात लांब धरला तर हवेचा फवारा एकसारखा लागत नाही. ठरावीक अंतराने फट्‌ फट्‌ असा खंड पडतो.
- ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने उतरलंय आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो.
- चेक इंजिनचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो.

यात एक गोष्ट तातडीची. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय. दोनशे-चारशे रुपयांच्या प्लगपायी काही हजारांचा कन्व्हर्टर वितळतो, आणि तो भाग तापून लाल होत असल्याने वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणंही धोक्याचं. दिवा नुसता लागून राहिला असेल तर सावकाश घरी आणता येते.

पाना हातात घेण्याआधी चार दिवस एवढंच टिपा: मिसिंग कधी होतं? निम्मं निदान या उत्तरात असतं. गाडी गार असताना होतं आणि तापल्यावर थांबतं, तर प्लग किंवा हवेची गळती. तापल्यावर सुरू होतं, तर कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज बनवणारा भाग), सेन्सर किंवा घट्ट झालेले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). उभ्या गाडीला मिसिंग आहे पण रेस दिली की जातं, तर हवेची गळती किंवा एखाद्या सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन (आतला दाब). उभी असताना मऊ चालते पण चढाला किंवा ८० च्या पुढे जीवच नाही, तर पेट्रोलचा दाब किंवा तुंबलेला सायलेन्सर. फक्त ओल्या सकाळी होतं, तर प्लग वायर आणि कॉईल.

दोष इंजिनचाच आहे ना?

याला खर्च शून्य, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा उडाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. इंजिनला हात लावू नका. टॅकोमीटर नसेल तर आवाजावरूनही हे कळतं.

दुसरं, ब्रेक धरून राहणं. दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरत गाडी चालवा, थांबा, आणि चारही रिमजवळ हात न टेकवता उष्णता बघा. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर कॅलिपरची पिन किंवा हँडब्रेकची केबल अडकलेली आहे. पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढून उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास सापडतं. टायरची हवाही आत्ताच बघून टाका.

बॉनेट उघडून, नुसत्या डोळ्यांनी

इंजिन गार आणि बंद. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसला पाहिजे. मेट्रोची आणि रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने दिलेल्या किलोमीटरच्या बऱ्याच आधी भरतो. मात्र एक स्पष्ट सांगायला हवं: फिल्टर तुंबल्याने वरच्या आरपीएमचा जोर कमी होतो, मिसिंग होत नाही. आत येणाऱ्या हवेच्या मानानेच ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल सोडतो. तेव्हा "फिल्टर बदला, मिसिंग जाईल" असं कुणी म्हटलं तर पुढे तपासायचं थांबू नका.

फिल्टरच्या डब्यातच वाळकं गवत किंवा चिंध्या दिसल्या तर उंदराने घर केलंय. मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉईलकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीवरून बोट फिरवून कुरतडल्याच्या खुणा शोधा.

बॅटरीवर मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. ती काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त इलाज आहे, आणि पुढच्या सगळ्या विद्युत तपासण्या त्याच्यावरच अवलंबून असल्याने तो आधी.

पीयूसीच्या जुन्या पावत्या काढा

हातात असलेला हा पुरावा बहुतेकजण कपाटात ठेवून देतात. पावतीवर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये छापलेलं असतं. गेल्या तीन-चार पावत्या शेजारी ठेवा. हायड्रोकार्बन वाढत गेलंय पण कार्बन मोनॉक्साइड तसं नाही, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे खरं मिसिंग: ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. कार्बन मोनॉक्साइड चढत गेलंय तर मिश्रण श्रीमंत आहे, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय: ऑक्सिजन सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, किंवा गळका इंजेक्टर. आकडे "पास"च्या हद्दीत असले तरी त्यांचा कल बोलतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो थोडं झाकून टाकतो, एवढं लक्षात असू द्या.

स्कॅनर

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (दोष ओळखून कोड साठवणारी यंत्रणा) आहे. पुण्यात एप्रिल २०१० पासून प्रदूषणाचे बीएस-४ नियम लागू झाल्याने त्या काळातल्या बऱ्याच गाड्याही साधा ब्लूटूथ ॲडॅप्टर घेतात. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं. कोड दिसले की आधी फोटो काढा, लगेच पुसू नका. कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची माहिती (वेग, आरपीएम, तापमान) त्यांच्याबरोबर पुसली जाते.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग. पी०३०० म्हणजे ते एका सिलिंडरला बांधलेलं नाही, तेव्हा सगळ्यांना समान असलेलं काही शोधा: पेट्रोलचा दाब, हवेची गळती, अर्थिंग. पी०१७१ म्हणजे मिश्रण सुकं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पी०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर घेऊ नका. मिसिंगमुळेही तो कोड येऊ शकतो, आधी मिसिंग घालवा.

लाइव्ह आकड्यांपैकी तीन बघा. पहिला, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा). इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्याने इथे ९४-९५ किलोपास्कल यायला हवेत. मुंबईच्या मेकॅनिकला सवय असते १००-१०१ ची, म्हणून इथला बरोबर सेन्सरही त्याला खराब वाटू शकतो. दुसरा, पाण्याचं तापमान. पंधरा मिनिटं चालवूनही ते ७० च्या खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, किंवा "गाडी तापते" म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकलाय. थर्मोस्टॅटशिवाय ईसीएमला इंजिन सतत गारच वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज बसतं. थर्मोस्टॅट परत बसवा आणि तापण्याचं कारण वेगळं शोधा. तिसरा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय. उणे १० ते अधिक १० टक्के चालून जातं. अधिक १५ च्या पुढे म्हणजे हवा जादा येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. उभ्या गाडीला अधिक आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, तर हवेची गळती. वरच्या आरपीएमला वाढत गेलं तर पेट्रोलचा दाब.

स्कॅनर लागत नसेल तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि लगेच परत लावा. चांगल्या सिलिंडरचं काढलं की इंजिन दबतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तोच मेलेला. चालू इंजिनची प्लग वायर कधीही ओढू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात. शॉक तर बसतोच, कॉईलही जाऊ शकते.

प्लग, वायर, कॉईल

दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. म्हणून इथे घाई नको.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे सोलवटून निघतात. प्लगच्या विहिरीत साचलेली धूळ सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढताना १, २, ३, ४ असा क्रम लावून एका पुठ्ठ्यावर ठेवा. तोंडाचा रंग वाचा:

फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा ठिणगीच अशक्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडतच नाही. ओला, चिकट, काळा म्हणजे ऑइल वर येतंय: रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण सुकं आहे किंवा प्लगचा प्रकार चुकीचा. चारपैकी एकच वेगळा दिसणं सगळ्यात मोलाचं, कारण मग शोध एका सिलिंडरपुरता उरतो. पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरूनच उडी मारतेय. तो प्लग आणि त्याचं रबरी बूट दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगलाही तसाच डाग पाडते, आणि महिन्याभरात मिसिंग परत येतं.

गॅप फिलर गेजने मोजा. मॅन्युअलमधला आकडा घ्या. बहुतेक गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटरमध्ये असतो. टोकं झिजून गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. साध्या चालीला कॉईल ते पुरवते, पण चढावर सिलिंडरमधला दाब वाढल्यावर कमी पडते. म्हणूनच मिसिंग आधी घाटात कळतं आणि नंतर शहरात. सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे किट बसवलेल्या गाडीत गॅप थोडा कमी, ०.७ ते ०.८ च्या आसपास ठेवतात. इरिडियम प्लगचं मधलं बारीक टोक गेजने दाबू नका, तुटतं.

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चांगले चालतात. नवे घेताना अचूक पार्ट नंबर न्या. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअरची दुकानं एकाला लागून एक आहेत, जुन्या मॉडेलचा प्लगही मिळतो, पण "हाच बसतो" एवढ्यावर घेऊ नका. आटे जुळले म्हणजे उष्णतेचा क्रमांक जुळला असं नाही. शिवाय एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट, त्यामुळे कंपनी बदलली की तक्ता बघावाच लागतो. बसवताना आधी बोटांनी फिरवा; रबरी नळीचा तुकडा प्लगच्या शेंड्यावर लावला की तिरका आटा पकडला जात नाही. वॉशर टेकल्यावर नव्या १४ मिलिमीटरच्या प्लगला साधारण अर्धा फेरा, वापरलेल्याला फेऱ्याचा बारावा भाग. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलचा आकडा पाळा.

विहिरीत ऑइल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीच्या रिंगा गेल्यात. पाणी असेल तर बॉनेटचं किंवा वायपरखालच्या पन्हाळीचं पाणी तिथे गळतंय. दोन्हींत कॉईलचं बूट फुगून खराब होतं.

प्लग वायरवाली गाडी असेल तर प्रत्येक वायरीचा रोध मोजा. लांबीप्रमाणे काही हजार ओहम येतात. बाकीच्यांपेक्षा एक कितीतरी जास्त आली, किंवा आकडाच आला नाही, तर ती मेली. मग अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर पूर्ण सेट बदला.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल तर काम आणखी सोपं. दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग असेल तर दुसरी आणि तिसरी कॉईल अदलाबदल करा, कोड पुसा, पाच-सात किलोमीटर फिरवा. पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉईल दोषी, बिनधास्त नवी घ्या. कोड जागचा हलला नाही तर हाच खेळ प्लगचा करा, मग इंजेक्टरचा. पैसे खर्च न होता दोष सिद्ध होतो. चारही कॉईल एकदम बदलायला सांगणाऱ्याला आधी ही अदलाबदल करून दाखवायला सांगा.

पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळं

किट असलेल्यांना फुकटचा एक फायदा आहे. दोन्ही इंधनांवर मिसिंग असेल तर दोष ठिणगीचा किंवा इंजिनच्या पोटातला. फक्त पेट्रोलवर असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. फक्त सीएनजीवर असेल तर आधी ठिणगी (वरचं कारण), मग गॅसचा फिल्टर, मग रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग). रिड्यूसर आणि उच्च दाबाच्या नळीला घरी हात लावायचा नाही. टाकीत गॅस २०० बारपर्यंत भरलेला असतो, ते काम अधिकृत सीएनजी केंद्राचंच.

सीएनजीवाल्यांची पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं रिझर्व्हवर असते. पंप टाकीत बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो. निदान पाव टाकी ठेवा, आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं; पावसाळ्यात ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, आणि पंपाचं तोंडही तळाशीच असतं.

हवेची गळती आणि थ्रॉटल बॉडी

व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या वळणावर चिरतात. बोटाने वाकवून बघा. उभ्या गाडीला "स्स्स" ऐकू येत असेल तर नळीचा एक तुकडा कानाला लावून दुसरं टोक फिरवत जागा शोधा. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास वापरतात, पण ती आग लावू शकते. त्यापेक्षा गॅरेजमध्ये धूर सोडून तपासणी करून घ्या.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काळी असेल तर तिच्यासाठीचाच क्लीनर कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका, आतले दाते मोडतात. साफ केल्यावर काही दिवस आयडल वर-खाली होतो; बऱ्याच गाड्यांना स्कॅनरने नव्याने शिकवावं लागतं.

पेट्रोलचा दाब आणि तुंबलेला सायलेन्सर

इथून पुढे गेज लागतात. पेट्रोलचा दाब बहुतेक जुन्या गाड्यांत अडीच ते चार बारच्या दरम्यान, अचूक आकडा मॅन्युअलमध्ये. उभ्या गाडीला बरोबर आला म्हणून समाधान मानू नका, रेस देऊन बघा. तेव्हा पडला तर फिल्टर किंवा पंप. दाबाखालची पेट्रोल लाइन उघडायची सवय नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

कन्व्हर्टर आतून ढासळला की धुराला वाट उरत नाही. गाडी सुरू होते, उभी छान चालते, आणि वेग मात्र घेतच नाही. व्हॅक्यूम गेज लावून २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा हळूहळू खाली घसरत गेला तर वाट तुंबलेली. पुस्तकात आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दिलेलं असतं, पुण्याच्या उंचीमुळे त्यातून पावणेदोन इंच वजा करा. कन्व्हर्टर फोडून आतलं मधाचं पोळं काढून टाकायचा सल्ला मिळेल. ते बेकायदा आहे, पीयूसीला अडकाल, आणि ज्या मिसिंगने तो जळला ते तसंच राहील.

इथे थांबा आणि मेकॅनिक बोलवा

प्लग, कॉईल, इंजेक्टर अदलाबदल करूनही मिसिंग त्याच सिलिंडरला असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, पेट्रोल आणि ठिणगी बंद करून ती करतात. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, साधारण ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केट. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटचा गॅप संपतो, तेव्हा "इंजिन काम" मान्य करण्याआधी टॅपेट सेटिंग करून पुन्हा मोजा.

टायमिंग बेल्ट एक दात सरकल्याची शंका असेल, कूलंट कमी होऊन पांढरा धूर येत असेल, ऑइल दुधाळ झालं असेल, खालून ठोके ऐकू येत असतील, किंवा बॉनेटखाली पेट्रोलचा ओला थेंब दिसला, तर गाडी सुरूही करू नका, टो करून न्या.

नेताना काढलेले प्लग क्रमाने पुठ्ठ्यावर लावूनच न्या. सोबत कोडचे फोटो, पीयूसीच्या पावत्या आणि मिसिंग कधी होतं याचं टिपण द्या, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा.